कट्ट्यापर्यंतची वाट

मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,


माझ्या आईचं वय 83. दादर पश्चिमेला, स्टेशन आणि शिवाजी पार्क यांच्या मधल्या एका गल्लीत आमचं घर आहे. आई लग्न होऊन या घरात आली 1965 साली. तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की पार्कावर जायचं, एक फेरी मारायची आणि केळुसकर रोडच्या बाजूला कट्ट्यावर ठरलेल्या जागी बसायचं, हा तिचा नेम. बाळंतपणं, दुखणी, वडिलांचं जाणं, यांनी तो अधूनमधून मोडला, पण दरवेळी पुन्हा सुरू झाला. आता मात्र दोन वर्षं ती गेलेली नाही. तिच्या तीन मैत्रिणी अजून त्याच जागी बसतात आणि मधे पिशवी ठेवून तिची जागा धरतात. फोनवर विचारतात, "काय गं, येतेस का आज?" आई सांगते, "आज नको, गुडघा ठणकतोय."

गुडघा हे खरं कारण नाही. इमारतीच्या आवारात ती काठी घेऊन रोज दहा फेऱ्या मारते. ती घाबरते ती घर ते कट्टा या दहा मिनिटांच्या वाटेला. फूटपाथवरून उतरताना पाय किती खाली जाईल याचा अंदाज येत नाही. दोन पावलांवर लावलेल्या स्कूटरमुळे रस्त्यावर उतरावंच लागतं. चौकात पोहोचल्यावर सिग्नलचा हिरवा माणूस तिच्यासाठी थांबत नाही. हा दोष कोणा एकाच्या माथी मारण्यासाठी मी लिहीत नाही. वाट अशी व्हायला पुष्कळ वर्षं आणि पुष्कळ हात लागले आहेत. ती पुन्हा चालण्याजोगी करायची ताकद मात्र आज एका कचेरीत आहे, आणि ती आपली.

शिवाजी पार्कबद्दल बोलणं निघालं की ते कट्ट्याच्या आतच राहतं. लाल मातीची धूळ, हिरवळ, पाणी मारणं, खेळपट्ट्या, सभांच्या परवानग्या, आवाज. धुळीचा प्रश्न खरा आहे, आजूबाजूच्या घरांतले खोकणारे लोक मला माहीत आहेत, त्यावर काम व्हायलाच हवं. पण मैदान कट्ट्यापाशी संपतं असं एकदा धरलं की बाहेरचा रस्ता नुसता वाहतुकीचा विषय होतो, आणि त्यावरून मैदानाकडे येणारा माणूस कुठल्याच खात्याच्या कागदावर राहत नाही. मला वाटतं, स्टेशनपासून, मेट्रोपासून आणि समुद्राच्या बाजूनं कट्ट्यापर्यंत येणारे रस्ते शिवाजी पार्कचाच भाग समजून आखायला हवेत, आणि त्यांचं माप माझ्या आईच्या पावलाचं असायला हवं.

हे मैदान 1925 साली लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. 1927 साली, शिवरायांच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून ते शिवाजी पार्क झालं. भोवतीची वस्ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उभी राहिली. गोल सज्जांच्या, तीन-तीन मजल्यांच्या इमारती, आणि त्यांच्या मधून मैदानाला येऊन मिळणाऱ्या गल्ल्या. गाडी मोजक्या घरांत असण्याचे ते दिवस. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना आलेली माणसं लोकलनं, ट्रामनं दादरला उतरली आणि तिथून चालत आली. आचरेकर सरांकडे क्रिकेट शिकणारी पोरं किट खांद्यावर टाकून आली. सुमारे 28 एकरांचं हे मैदान मोठं झालं ते चालत येणाऱ्यांमुळे.

आणि त्याचा कट्टा. कट्ट्याला फाटकाचा पहारा नाही, तिकीट नाही. उंची अशी की लहान मूल चढून बसतं आणि म्हातारं माणूस टेकतं. शहरातल्या किती बागांना उंच कठडे, भाले लावलेल्या जाळ्या आणि कुलपं आहेत! इथे मात्र हद्दीची भिंतच बसायची जागा झाली. मुंबईत रस्ता आणि बाग यांच्या सीमेवर याहून शहाणी रचना मला दुसरी माहीत नाही.

एकदा बसून मी थोडा हिशेब केला. कट्ट्याचा घेर सुमारे 1.17 किलोमीटर आहे. माणसाला बसायला दोन फूट जागा धरली तर या घेरावर एका वेळी सुमारे 1900 माणसं बसू शकतात. येण्याजाण्याच्या वाटा वजा केल्या तरी दीड हजारांवर. त्याच घेराला बाहेरून एका रांगेत मोटारी लावल्या, एकीला साडेपाच मीटर धरले, तर मावतात जेमतेम 210. म्हणजे मैदानाची किनार आपण कुणाला देतो, हा दीड हजार माणसं आणि दोनशे गाड्या यांच्यातला सवाल आहे. कट्टा आपला राहिला, पण त्याच्या लगतची पट्टी हळूहळू उभ्या गाड्यांची झाली. दोन गाड्यांच्या फटीतून अंग चोरून कट्ट्याशी जावं लागतं. चाकाची खुर्ची त्या फटीतून जात नाही. बाळाची ढकलगाडीही जात नाही.

आता फूटपाथबद्दल जरा सविस्तर, कारण सगळं तिथे अडतं. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांच्या सोयींबाबत एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात फूटपाथची मोकळी रुंदी कमीत कमी 1.8 मीटर सांगितली आहे. चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतील एवढी. यातला महत्त्वाचा शब्द 'मोकळी' हा आहे. नकाशावर तीन मीटरचा दिसणारा फूटपाथ चालणाऱ्याला दीड फूटही मिळत नाही, कारण विजेची पेटी, सिग्नलचा खांब, दुकानाची बाहेर आलेली पायरी, झाडाचं आळं, जाहिरातीचा फलक आणि स्कूटर हे सगळे त्याच रुंदीतून आपापला वाटा घेतात. म्हणून खांब, झाडं, पेट्या आणि बाकं यांना रस्त्याच्या कडेची एक पट्टी ठरवून द्यावी आणि इमारतींच्या बाजूची 1.8 मीटरची पट्टी कुणालाही देऊ नये. झाडांचं मी वेगळं सांगते: बुंध्याला काँक्रीट भिडवू नका. मोकळी माती ठेवा आणि वर चालता येईल अशी जाळी बसवा. ऐन मे महिन्यात चार वाजता सावली नसलेल्या फूटपाथवरून आई जाऊ शकणार नाही, तो कितीही गुळगुळीत असला तरी.

मग उंची. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे फूटपाथची कड रस्त्यापासून 15 सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे अर्ध्या फुटापेक्षा उंच नसावी. फूटपाथ उंच केला की गाड्या चढणार नाहीत, असं वाटून तो उंच केला जातो, आणि मग माणसंच त्यावर चढत नाहीत. शिवाय प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी तो तुटतो. गाडी आत जावी म्हणून फूटपाथ खाली उतरतो, पुन्हा चढतो. शंभर मीटरमध्ये पाच इमारती असल्या तर चालणाऱ्याच्या नशिबी पाच उतार आणि पाच चढ. उलट करायला हवं: फूटपाथ फाटकावरूनही एकाच पातळीत सलग जावा, आणि चढउतार गाडीनं करावा. इंजिन तिला आहे, आईला काठी आहे.

शहरभर रस्ते सिमेंट काँक्रीटचे होत आहेत, ही या कामाची सगळ्यात चांगली वेळ आहे. रस्ता उकरलेला असतो, केबलांची आणि गटारांची कामं त्याच वेळी होतात, पातळ्या नव्यानं ठरतात. फूटपाथ 'नंतर बघू' म्हणून सोडला, तर पुढची वीस वर्षं तो रस्त्याच्या पक्क्या पातळीशी झगडत राहील. काँक्रीट एकदा ओतलं की कोपरा बदलायला तोडकाम करावं लागतं. म्हणून कंत्राटाच्या कागदातच फूटपाथची मोकळी रुंदी, कडेची उंची आणि प्रत्येक कोपऱ्यावरचा उतार लिहिला जावा, आणि बिल देण्याआधी कोणीतरी टेप घेऊन ते मोजावं.

रानडे रोडवरच्या फेरीवाल्यांचं काय, असं मला विचारलं जाईल. माझ्या घरची भाजी, आईचे गजरे, दिवाळीच्या पणत्या त्यांच्याकडूनच येतात. फेरीवाले हाकलून द्या, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. 2014 चा फेरीवाला कायदा त्यांना जागा नेमून देण्याची जबाबदारी आपल्यावर टाकतो. ती जागा रेषा आखून, माप ठरवून दिली तर विकणारा आणि चालणारा दोघेही एका रस्त्यावर राहू शकतात. बारा महिने रोज हुसकावणं आणि रोज परत येणं चालू राहिलं तर रस्ता कुणाचाच राहत नाही. खरं म्हणजे विक्रेते असलेला रस्ता संध्याकाळी उजेडाचा आणि सोबतीचा असतो. एकट्या बाईला तो बंद शटरांच्या रस्त्यापेक्षा सुरक्षित वाटतो. हे मी पन्नास वर्षांच्या अनुभवानं सांगते.

चौकांबद्दल. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सुमारे 1.2 मीटर चालतो असं साधारण धरतात. आमच्या आवारात दहा मीटर मोजून आईला चालायला लावलं, तेव्हा तिला वीस सेकंद लागले. सेकंदाला अर्धा मीटर. 18 मीटर रुंद रस्ता या हिशेबानं धडधाकट माणूस 15 सेकंदांत ओलांडतो, आईला लागतात 36. मधे थांबायला सुरक्षित बेट नसेल तर 21 सेकंद ती चालत्या गाड्यांसमोर उभी राहणार. यावर तीन-चार साधे उपाय आहेत आणि तेही जुनेच: हिरव्याची वेळ वाढवणं, मधे निदान दोन मीटर रुंदीचं बेट देणं, कोपऱ्यावर फूटपाथ पुढे आणून ओलांडायचं अंतरच कमी करणं, आणि सिग्नल नसलेल्या ठिकाणी झेब्रा पट्ट्यांचा भाग फूटपाथच्या पातळीपर्यंत उचलणं. असा उचललेला पट्टा दिसला की गाडीला वेग कमी करावाच लागतो, त्यासाठी पोलीस उभा करावा लागत नाही.

पादचारी पूल मात्र कृपा करून सुचवू नका. साडेपाच मीटर उंच पुलाला 15 सेंटिमीटरच्या 37 पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. ज्याला ते जमतं त्याला पुलाची गरज नसते. उद्वाहक बसवला तरी तो बंद पडेल त्या दिवशी म्हातारं माणूस अडकेल. रस्त्याच्या पातळीवर ओलांडण्याचा हक्क माणसाचा, थांबण्याचं काम गाडीचं. वीर सावरकर मार्गावर, ज्याला आई अजून कॅडल रोड म्हणते, हे सगळ्यात जास्त लागू आहे. त्या रस्त्याच्या एका बाजूला मैदान आहे, दुसऱ्या बाजूला घरांच्या पलीकडे समुद्र. दोघांत अंतर एका गल्लीचं, पण मधला रस्ता ओलांडणं इतकं कठीण की शिवाजी पार्कवर आयुष्य काढलेली कितीतरी म्हातारी माणसं समुद्र पाहायला जातच नाहीत.

आपण म्हणाल, हे दादरमध्ये शक्य नाही, गर्दी फार. त्याचं उत्तर दरवर्षी 6 डिसेंबरला मिळतं. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला लाखो माणसं येतात. आधीचे दोन दिवस आणि तो दिवस, स्टेशनपासून समुद्रापर्यंत माणसांची अखंड रांग असते. म्हाताऱ्या बाया, कडेवर मुलं घेतलेले बाप, अनवाणी आलेले शेतमजूर. त्या दिवसांत महानगरपालिका मैदानात मांडव घालते, पिण्याचं पाणी, फिरती शौचालयं, डॉक्टर, दिवे, दिशा दाखवणारे फलक ठेवते. वाहतूक पोलीस गाड्या दुसऱ्या रस्त्यांनी वळवतात. हे सगळं आपल्याच कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेलं आहे आणि त्यांना त्यातलं खाचाखोचांसकट ज्ञान आहे. माझी आई दरवर्षी गॅलरीत बसून ती रांग पाहते. गेल्या वर्षी म्हणाली, "आज रस्ता माणसांचा आहे, आज मी गेले असते." पण गर्दीत काठी घेऊन जायला तिला धीर झाला नाही. त्या तीन दिवसांच्या व्यवस्थेचा दहावा हिस्सा उरलेल्या वर्षभर टिकला, तरी तिला तो पुरेल.

पुण्याचं उदाहरणही आपल्याजवळच आहे. तिथल्या जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी उद्यानाच्या बाजूनं, गेल्या दशकात फूटपाथ रुंद करून बाकं, झाडांचे पार आणि मुलांसाठी खेळणी बसवली. गाड्यांना जागा कमी पडेल म्हणून ओरड झाली होती. देखभालीच्या तक्रारी तिथेही आहेत, नाही असं नाही. पण संध्याकाळी त्या फूटपाथवर आजी-आजोबा बसलेले असतात, हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि बागेत शिरण्याआधीच बाग सुरू झाल्यासारखी वाटते. आपल्याकडे तर बसायला कट्टा आधीच बांधलेला आहे.

गाड्या कुठे जातील, हा प्रश्न टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. जुन्या इमारतींना वाहनतळ नाहीत, हे खरं आहे. आमच्याकडेही एक गाडी आहे आणि ती रस्त्यावरच उभी असते. तिच्यासाठी पैसे मोजायला मी तयार आहे. रहिवाशांना ठराविक गल्ल्यांत, एका बाजूला, शुल्क घेऊन जागा द्या. बाहेरून येणाऱ्यांना कोहिनूर स्क्वेअरमधल्या सार्वजनिक वाहनतळाकडे पाठवा, तिथून मैदान काही मिनिटांच्या चालीवर आहे. आणि भुयारी मेट्रोचं दादर स्थानक 2025 मध्ये सुरू झालं आहे. एवढा मोठा खर्च करून माणूस जमिनीखालून इथवर आणायचा आणि वर आल्यावर शेवटच्या काही शे मीटरसाठी त्याला रिक्षा नाही, टॅक्सी मिळेना, फूटपाथही नाही अशा अवस्थेत सोडायचं, हे योग्य नाही. कट्ट्याभोवतीची एक रांग तरी गाड्यांपासून मोकळी करा. आधी एकाच बाजूला, केळुसकर रोडवर, तीन महिन्यांसाठी रंग आणि कुंड्या वापरून करून बघा. चुकलं तर कुंड्या उचलता येतात.

2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांत पायी चालणारी 32,825 होती. दिवसाला नव्वद. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्याजोगे, अतिक्रमण नसलेले आणि अपंगांना वापरता येतील असे फूटपाथ हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अपंगांच्या हक्कांचा कायदा 2016 पासून आहेच. तेव्हा मी जे मागते आहे ते दयेचं नाही. पण कायद्याचा आधार घेऊन आपल्याला कोंडीत पकडणं हाही माझा हेतू नाही. पालिकेतल्या अभियंत्यांना हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांना कोणीतरी वरून सांगायला हवं, की गाडी किती वेगानं गेली एवढंच मोजू नका, साठीच्या पुढची किती माणसं कट्ट्यापर्यंत पोहोचली तेही मोजा.

आराखडा ठरवायच्या आधी रस्ते, उद्यान, झाडं, वीज आणि वाहतूक पोलीस या सगळ्यांच्या माणसांनी एकदा एकत्र ही वाट चालावी. सकाळी अकरा वाजता नको, संध्याकाळी सहाला, आणि एकदा पावसाळ्यात. सोबत एक चाकाची खुर्ची असावी आणि तीत त्यांच्यापैकीच कुणीतरी बसावं. जी-उत्तर विभागाच्या कचेरीत बोलावलंत तर मी येईन, आमच्या गल्लीतल्या आणखी सात-आठ जणी येतील. कोणत्या कोपऱ्यावर पाणी साचतं, कोणत्या खांबाचा दिवा झाडात दडलेला आहे, कुठे अंधार पडला की पोरी रस्ता बदलतात, हे आम्हाला पाठ आहे.

आणि जो नकाशा तयार होईल तो कचेरीच्या फलकावर नका लावू. कट्ट्यावर लावा, निदान पंधरा दिवस, चारही बाजूंना. लोक थांबून वाचतील, वाद घालतील, पेन्सिलीनं खुणा करतील. अक्षर मोठं ठेवा आणि फार उंचावर टांगू नका. आईला चष्मा लावूनही बारीक दिसत नाही, आणि तो वाचायला मी तिला हात धरून घेऊन जाणार आहे.

आपली,
दादर पश्चिमेची एक रहिवासी